करवंटीचे घोडे

श्रोतेहो, नभोवाणीवरील जुन्या श्रुतिकांतून घोड्यांच्या टापा आपण पुष्कळदा ऐकल्या असतील. त्या टापांमागे घोडा क्वचितच असे. ध्वनिक्षेपकापुढे कोणी एक गृहस्थ नारळाच्या दोन करवंट्या एकमेकींवर आपटीत उभा असे. ऐकणारास घोडा दिसे, कारण करवंटी त्याच्या दृष्टीआड असे. आता ही करवंटी प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर आणून ठेवली तर काय होईल? प्रश्न पोरकट वाटेल खरा. परंतु अल्प भांडवलात विडंबनपर चित्रपट काढणाराचे बरेचसे शास्त्र त्याच्या उत्तरात सामावलेले आहे.

हे उत्तर १९७५ साली ‘माँटी पायथन’ या विनोदी मंडळीने पडद्यावर दिले. ‘माँटी पायथन अँड द होली ग्रेल’ या बोलपटात राजा आर्थर आणि त्याचे शूर सरदार यांची पुराणकथा त्यांनी विडंबनासाठी घेतली. सरदार म्हटले की घोडे आले. पण घोडे आणावयास पैसा नव्हता. तेव्हा राजा आपला पायींच उड्या मारीत दौडतो आणि मागून त्याचा सेवक करवंट्या वाजवितो! गंमत येथेच संपत नाही. किल्ल्यावरील पहारेकरी राजालाच आडवा प्रश्न करतो की, या थंड मुलखात नारळ आला कोठून? उणीव झाकण्याऐवजी तिच्यावरच वाद घातला गेला, आणि दारिद्र्यातून त्या बोलपटातील सर्वांत नामांकित विनोद जन्मास आला.

निकृष्ट अद्भुत चित्रपट आपण सर्वांनी पाहिले आहेत. पुठ्ठ्याचा राक्षस हलतो, उडत्या वीराची तार चमकते, मायावी महालाची भिंत धक्का लागताच थरथरते. असा चित्रपट केवळ पैशांच्या अभावी हास्यास्पद होत नाही. आपण भव्य आहोत असे तो शपथेवर सांगतो आणि त्याच वेळी त्याची तार आपल्याला दिसते, म्हणून तो हास्यास्पद होतो. विडंबनकार तीच तार हाती घेऊन म्हणतो, ‘पाहा, ही तार!’ त्याच्याकडे लपविण्यासारखे काही उरत नाही. म्हणून आपण त्याच्याबरोबर हसतो, त्याला हसत नाही.

परंतु विडंबन म्हणजे टवाळी नव्हे. सर्व्हान्टिस याने १६०५ साली ‘डॉन किहोते’चा पहिला भाग प्रसिद्ध केला आणि शूर सरदारांच्या अद्भुत कथांची यथेच्छ थट्टा केली, पण त्या कथा त्याने किती बारकाईने वाचल्या होत्या, हे पानोपानी दिसते. आपल्याकडे केशवकुमारांची ‘झेंडूची फुले’ घ्या. ज्या कवींच्या लकबी त्यांनी उचलल्या, त्यांच्या कविता जाणल्याखेरीज ते काम साधणे नाही. शाळेतही हाच अनुभव येतो. मास्तरांची हुबेहूब नक्कल करणारा मुलगा बहुधा मागच्या बाकावर असतो; पण साऱ्या वर्गात मास्तरांकडे सर्वांत अधिक लक्ष त्याचेच असते.

असे लक्षपूर्वक पाहणारे लोक आपल्या नाशिक जिल्ह्यातच निघाले. मालेगाव हे यंत्रमागांचे गाव. तेथील माग शुक्रवारी बंद असतात, आणि आठवडाभर मागाच्या खडखडाटात राबलेला कामगार त्या दिवशी चित्रपटगृहाची वाट धरतो. अशा गावात शेख नासिर हे व्हिडिओवर चित्रपट दाखविण्याचा धंदा करीत. इतरांचे चित्रपट दाखविता दाखविता आपणही एक काढावा, असे त्यांच्या मनाने घेतले. १९७५ च्या ‘शोले’ला सुमारे तीन कोटी रुपये लागले होते, असे सांगतात. नासिर यांनी ‘मालेगाव के शोले’ सुमारे पन्नास हजारांत उभा केला. डाकूंना घोडे हवे होते. ते येथेही परवडण्यासारखे नव्हते. मालेगावच्या डाकूंनी सायकली घेतल्या! करवंटी आणि सायकल यांमध्ये सातासमुद्रांचे अंतर आहे, परंतु बुद्धी एकाच जातीची आहे.

पुढे या मंडळींनी थेट अमेरिकेच्या उडत्या महावीराला, सुपरमॅनला, हात घातला. हा खटाटोप फैझा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या २००८ च्या माहितीपटात टिपून ठेविला आहे. माणूस उडवावयाचा कसा? त्याची युक्ती अशी: नटाच्या मागे सपाट हिरवा पडदा लावावयाचा, त्यावर सारखा प्रकाश पाडावयाचा, आणि मग गणकयंत्राकडून चित्रातील तेवढा हिरवा रंग काढून टाकून त्या जागी आकाश भरावयाचे. नटाच्या अंगावर हिरवा कपडा असता कामा नये, नाहीतर त्याच्या पोटातूनच ढग जाऊ लागतील! कॅमेरा उंच नेण्यासाठी बैलगाडीची उटी केली, धावते दृश्य घेण्यासाठी सायकल वापरली. मध्येच कॅमेरा पाण्यात पडला आणि काम अडले. पण त्यांनी ते सोडले नाही.

या जिल्ह्याला हे नवे नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनीही अपुऱ्या साधनांतच देव आकाशातून उतरविले. त्यांच्या १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता ही दोन्ही कामे केली. फाळक्यांचा प्रेक्षक हात जोडी आणि मालेगावचा प्रेक्षक हसून लोळे, एवढाच भेद. युक्तीमागील चिकाटी तीच.

कोणा तरुण श्रोत्यास असा लहानसा विनोदी चित्रपट काढावयाचा असेल, तर या उदाहरणांतून तीन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली, नटाने स्वतः हसू नये. लाकडी तलवार धरणाराने ती पोलादी आहे असेच मानावे. हसण्याचे काम प्रेक्षकाचे आहे. दुसरी, मूळ चित्रपटाची रीत काटेकोर पाळावी. तोच आविर्भाव, तेच भारदस्त बोलणे, तीच गंभीर मुद्रा. बदल एकाच जागी करावा, म्हणजे तो उठून दिसतो. तिसरी, विडंबन आपल्या मातीत रुजवावे. परका वीर आपल्या गल्लीत उतरला की त्याला आपले प्रश्न विचारावेत.

मालेगावकरांनी नेमके हेच केले. त्यांच्या सुपरमॅनपुढे परग्रहावरचा शत्रू नव्हता. गावातली घाण आणि तंबाखूचे व्यसन, यांच्याशी त्याला झुंजावयाचे होते. तो वीर झाला होता शफीक शेख हा यंत्रमागावरचा कामगार. त्याची देहयष्टी कृश, अंगावर निळा-तांबडा वेष. अमेरिकेच्या वीराची छाती पाहून प्रेक्षक स्वतःला विसरतो. शफीकची छाती पाहून मालेगावच्या विणकराला स्वतःची आठवण होत असली पाहिजे. या हसण्यात थोडा चटका आहे. जगाला तारणारा वीर आपल्या गावी आला, तर तोही आपल्यासारखाच रोडका असणार आणि दुसऱ्या दिवशी त्यालाही मागावर जावे लागणार, हे त्या हसण्याच्या तळाशी आहे.

आणि हा चटका पुढे फारच खरा ठरला. पडद्यावर तंबाखूशी लढणारा शफीक २०११ साली तोंडाच्या कर्करोगाने वारला. ज्या शत्रूची त्याने थट्टा केली, तो शत्रू थट्टेतला नव्हता. पुढे रीमा कागती यांनी या मंडळींच्या कथेवर ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा मोठा चित्रपट काढला. तो २०२५ साली चित्रपटगृहांत आला. मोठ्या कंपनीचा पैसा, नाणावलेले नट आणि उत्तम यंत्रे या खेपेस त्या कथेच्या दिमतीस होती.

तरीही पन्नास हजारांच्या त्या पहिल्या खेळाचे मोल त्याने कमी झालेले नाही. गरिबाने श्रीमंताच्या स्वप्नाची नक्कल केली की लोक बहुधा त्याला हिणवितात. त्याने तीच नक्कल हसत, जाणून-बुजून आणि आपल्या भाषेत केली, तर ते स्वप्न त्याचेही होते. आपल्या घरातील मुले उद्या चादरीचा झगा आणि पुठ्ठ्याचा मुकुट करून काही चित्रित करू लागली, तर श्रोतेहो, त्यांना ‘हा काय पोरखेळ!’ म्हणून दटावू नका. स्वयंपाकघरातल्या दोन करवंट्या तेवढ्या काढून द्या.