कळसूबाईची अट

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान, संपादित)



कळसूबाईची उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, अकोले तालुका, पायथ्याला बारी गाव, हे तुम्हाला पाठ आहे. मागच्या रांगेतल्या ट्रेकर मंडळींना शिड्यांच्या पायऱ्याही पाठ असतील. (हशा) तेव्हा ते सोडतो. मला बोलायचंय ते एका मोलकरणीविषयी.

कथा तुम्ही ऐकली असेल, पण बहुतेक चढताना, धापा टाकत. कळसू ही कोळ्याची पोर. इंदोरे गावच्या पाटलाकडे कामाला राहिली. राहतानाच तिने बजावलं: केर काढणार नाही, भांडी घासणार नाही. पाटील कबूल झाला. मग एक दिवस घरात पाहुण्यांची गर्दी उडाली आणि तिला नेमकं तेच काम सांगितलं गेलं. तिने ते केलं. मुकाट्याने केलं, आणि डोंगरावर निघून गेली ती परतलीच नाही. भांडी घासली ते थाळेमेळ, केर टाकला तो काळदरा. अहमदनगरच्या जुन्या गॅझेटियरातही ही कथा आहे.

आता बघा, हिने राक्षस मारला नाही, शाप दिला नाही. ठरलेली अट मोडली म्हणून काम सोडलं, एवढंच. आपण तिला नारळ देतो आणि अट विसरतो. अट मोडली कशाने, तर पाहुण्यांमुळे. शनिवार-रविवारी त्या डोंगरावर पाहुणे कोण असतात? (शांतता) आपण! वेफर्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, द्रोण-पत्रावळी टाकून आपण उतरतो. केर कोणी काढायचा? बारीच्या पोरांनी.

मागे कोणीतरी मान हलवतंय. तुम्ही कचरा करत नाही, मान्य. मीही गिर्यारोहणाच्या विरोधात नाही, माझे गुडघे आहेत. (हशा)

गुडघ्यांवरून आठवलं. नवरात्रात वर जत्रा असते, आसपासच्या गावांतली माणसं देवीला येतात. एकदा शिडीवर माझ्यापुढे एक आजी होत्या. अनवाणी, डोक्यावर टोपली, एक हात लोखंडी कठड्याला. मागे एका तरुणाच्या पिशवीत स्पीकर, त्यावर धांगडधिंगा. आजी मध्येच थांबल्या. त्यांच्यामागे सगळी रांग खोळंबली. खालून ओरडा सुरू झाला. आजी वळल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "बाबा, तुझं गानं होऊं दे, मग चढते." रांगेतल्या लोकांनीच त्या पोराला स्पीकर बंद करायला लावला. मग आजी अशा काही चढल्या की वर देवळापाशी गाठेपर्यंत मला त्या दिसल्याच नाहीत. त्यांनी टोपलीतली भाकरी माझ्या हातावर ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला, "कागद खाली नेशील ना?" भाकरी कागदात होती. वर्तमानपत्राच्या. त्यात माझाच—

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं. मला वाटलं, कौतुकाची असेल. (हशा)

मग अलंग-मदन-कुलंग राहिले, अभयारण्य राहिलं, १९२६चं भंडारदरा धरणही राहिलं. ती पुस्तकांत सापडतील. कामाचं तेवढं सांगतो. जेवण बारीत सांगून ठेवा आणि ठरलेले पैसे घासाघीस न करता द्या. वाट दाखवायला गावातला माणूस घ्या. देऊळ टीचभर आहे. गावची पूजा चालू असेल तर बाहेर थांबा, फोटो नंतर काढा. वर नेलेलं सगळं आपल्याच पाठीवर खाली आणा.

एक प्रश्न लेखी आला आहे: "३१ डिसेंबरला शिखरावर तंबू लावला तर देवीला चालेल का?" देवीचं मी कसं सांगू? वनखात्याला विचारा, आणि मग बारीत विचारा. दोन्हीकडे, निघण्यापूर्वी.