मामंजींचा बोलका बोर्ड
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला बोलायला उभे केले, याचे मलाच नवल वाटते. दरवर्षी मी पापडाच्या हिशेबापुरती उभी राहते. शिक्षण सातवीपर्यंत. पण आमच्या घरी एक बोलणारा बोर्ड तयार झाला, त्याची चौकशी तुम्ही हळदीकुंकवात, पाणवठ्यावर सारखी करता. तेव्हा एकदाच काय ते सांगून टाकते.

आमच्या मामंजींचे दुखणे तुम्हाला माहीत आहे. जन्मभर बिडी ओढली, घशात गाठ झाली, आणि शस्त्रक्रियेत स्वरयंत्र काढावे लागले. जीव वाचला, आवाज गेला. ते मानेच्या भोकातून श्वास घेतात. ओठ हलतात, जीभ हलते, पण शब्द उमटत नाही. गळ्याला टेकवून बोलायचे विजेचे यंत्र असते, ते डॉक्टरांनी दाखवले होते. त्याची भुणभुण मामंजींना आवडली नाही. पाटीवर लिहावे, तर शाळेचे तोंड पाहिलेले नाही. मोबाइलवर चित्रे दाबून बोलण्याची सोय आहे, मुंबईच्या आय.आय.टी.ने केलेले ‘जेलो’ त्यातलेच. पण नांगर धरून राठ झालेली बोटे त्या काचेला कळत नाहीत. दाबले की खट्‌ वाजेल असे बटणच त्यांना हवे होते.

माझ्या बहिणीचा मुलगा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करतो. तो म्हणाला, “मावशी, आपण घरीच करू.” पहिल्यांदा आम्ही सोपा मार्ग धरला. माझ्याच आवाजात वाक्ये भरली. मग मामंजी माझ्या आवाजात मोटर बंद करायला सांगू लागले आणि गडी ‘वहिनी कुठून बोलतात’ म्हणून गोठ्यात शोधत हिंडला! शिवाय नवा शब्द हवा झाला की मी पुन्हा बोलायला बसायचे. म्हणून लिहिलेले स्वतः उच्चारील असे यंत्र हवे, असे ठरले.

हे कसे घडते, ते मी माझ्या समजुतीप्रमाणे सांगते. सगळ्याजणी गळ्यावर दोन बोटे ठेवा. नुसता ‘स्‌’ लांबवा. बोटांना काही लागत नाही. आता ‘म्‌’ लांबवा. गुरगुर लागते ना? ती गुरगुर मामंजींची गेली. आता एकाच सुरात ‘आ’ म्हणा, मग ‘ई’ म्हणा. सूर तोच राहतो, तोंडाचा आकार बदलतो. बोलणे म्हणजे एवढेच: गुरगुर किंवा फुसकार, आणि तिला तोंडाने दिलेला आकार. व्हिएन्नाच्या दरबारातल्या केम्पेलेन नावाच्या गृहस्थाने भाता, पिपाणीसारखी जिभली आणि रबराचे तोंड जोडून असे यंत्र केले होते. त्यावरचे त्याचे पुस्तक 1791 साली छापले गेले. आजचे यंत्र भात्याचे काम आकडेमोडीने करते. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही संगणकाला बोलते करण्यावर काम झालेले आहे.

भाच्याने प्रथम एक जुनी चिप आणली. तिच्यात 59 आवाज आणि 5 विराम. ते एकापुढे एक ठेवायचे की शब्द होतो. पण ते आवाज इंग्रजीचे. ‘पाणी’चे पानी झाले, आणि आपल्या गावाचे नाव काही केल्या निघेना. पलसदेव, पालासदेव, ळ तिच्या पोटातच नव्हता. मामंजींनी हातानेच ‘उचला’ म्हणून सांगितले.

मग रास्पबेरी पाय नावाचा, विड्याच्या पानापेक्षा लहान संगणक घेतला. त्यात ‘ई-स्पीक’ ही फुकट मिळणारी बोलणारी विद्या घातली. तिला मराठी येते, ळही येतो. आवाज मात्र रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा. शिवाय आपल्या लिहिण्यातही खोडी आहे. ‘चार’मधला च आणि ‘चारा’मधला च आपण एकच लिहितो, बोलतो वेगळा. यंत्राला काय कळणार? ते ‘च्यारा’ म्हणू लागले. तेव्हा मी सुचवले, “त्याला ‘त्सारा’ असे लिहून दे.” लगेच बरोबर बोलले. भाचा माझ्याकडे पाहतच राहिला.

बटणे, तारा आणि भोकांची पट्टी पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणली. प्रत्येक बटणाची एक तार संगणकाच्या आपापल्या टोकाला, दुसरी सगळ्यांची मिळून एकत्र. डाख मी स्वतः लावले. लहानपणी दारात कल्हईवाला बसायचा, तो आठवला. तिथे नवसागर, इथे राळ, कथील मात्र दोन्हीकडे. आधी जागा तापवायची, मग कथील लावायचे. कथील तापवून वर थापले तर ते धरत नाही. हे मला सांगितले होते, तरी एका ठिकाणी मी घाई केली. ते नेमके पाण्याचे बटण निघाले. रात्री मामंजी दाबत राहिले, बोर्ड मुका. शेवटी त्यांनी तांब्या आपटला तेव्हा मला जाग आली. घसा कोरडा पडून माणूस अंधारात बसलेला, आणि चूक माझी. दुसऱ्या दिवशी मी बाराच्या बारा डाख पुन्हा लावले.

पण सर्वांत अवघड काम डाखांचे नव्हते; बारा वाक्ये कोणती घालायची, हे होते. माझ्या मनाने मी पाणी, चहा, औषध, दुखते, लघवी अशी यादी केली. दोन दिवस त्यांनी बोर्ड वापरला आणि तिसऱ्या दिवशी उशीखाली सारून दिला. मला राग आला. अडीच हजार रुपये घातले होते. मग नातवाला जवळ बसवून खुणांनी विचारून घेतले. त्यांना मागायचे नव्हते, विचारायचे होते. चारा टाकला का. लाईट आली का. मोटर बंद करा. बाजारभाव काय निघाला. दोन्ही नातवंडांची नावे. आजारी माणसाला फक्त पाणी आणि औषध लागते, असे मीच धरून चालले होते. पाणी, औषध आणि दुखते एवढी तीन बटणे आता उरली आहेत, बाकीची नऊ त्यांच्या कारभाराची आहेत.

त्यांतले एक ‘देऊळ दिसलं’ असे आहे. उजनी धरण 1980 साली पुरे झाले, आणि आपले जुने गाव पाण्याखाली गेले. मामंजींचा जन्म तिथला. पाणी फार ओसरले की पळसनाथाचे देऊळ वर येते, आणि ते पाहायला जाणाऱ्यांना हे बटण दाबून ते थांबवतात. मग आपली वाट, आपले घर कुठे होते ते हाताने दाखवतात. तेवढे हातानेच; त्याला पुरतील एवढी बटणे आमच्या बोर्डावर नाहीत.

विजेचा खोळंबा नको म्हणून बोर्ड मोबाइलच्या पॉवर बँकेवर चालतो. चालू केल्यावर जागा व्हायला अर्धा मिनिट घेतो, तेवढा धीर धरावा लागतो.

आज मामंजींची परवानगी घेऊन बोर्ड बरोबर आणला आहे. चहानंतर ज्यांना पाहायचा असेल त्यांनी पाहावा. खालच्या ओळीतले शेवटचे बटण मात्र दाबू नका. ते मला हाक मारण्याचे आहे आणि त्याचा आवाज मामंजींनी मुद्दाम मोठा करून घेतला आहे.