शांता आपटे : फाटकावरची नटी



आपल्या दुधनी गावच्या शांता आपटे म्हटले की १९३७ च्या ‘कुंकू’मधली, म्हाताऱ्याशी लावून दिलेले लग्न न मानणारी नीरा डोळ्यांपुढे येते. गाणीही त्यांनी स्वतःच गायिली. मला मात्र १९३९ सालची गोष्ट अधिक मोलाची वाटते. कराराच्या वादावरून ही नामवंत नटी पुण्याला ‘प्रभात’च्या फाटकाशी उपोषणास बसली! कोणी याला नटीचा हट्ट म्हणेल. गिरणीच्या फाटकावर उभे राहिलेले आम्ही कसे म्हणू? १९४० मध्ये त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिले. झगमगाट बाजूला सारून त्या धंद्यातले भांडवल आणि तिथे राबणारा, थकणारा जीव त्यांनी त्यात दाखविला. नावातले प्रश्नचिन्ह त्यांचेच आहे, बरे का!