काचबिंदूच्या थेंबांचा खर्च

आज काचबिंदूच्या थेंबांबद्दल, खरं तर त्यांच्या खर्चाबद्दल बोलायचंय.

मोतीबिंदूचं एक बरं असतं. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी सांगितले तितके आठवडे थेंब घातले, की संपलं. काचबिंदूचं तसं नाही. त्यात डोळ्यामागची नस हळूहळू मरत जाते. ते थांबवायचं तर डोळ्यातला दाब कमी ठेवावा लागतो आणि त्यासाठी बहुतेकांना थेंब जन्मभर घालावे लागतात. दर महिन्याला बाटली. ज्या घरात विड्या वळून किंवा दुसऱ्याच्या रानात खुरपून पैसा येतो, तिथे ही बाटली किती जड जाते, ते मी तुम्हाला सांगायला नको.

मग बाई स्वतःच काटकसर सुरू करते. रोज घालायचे ते एक दिवसाआड घालते. बाटली संपली की आठ-दहा दिवस तशीच काढते. घरात मालकांची बीपीची गोळी वेळेवर येते, आणि सासूबाईंचे थेंब मात्र ‘पुढच्या बाजाराला आणू’ यात राहून जातात. सासूबाईही म्हणतात, दुखत तर नाही, दिसतंय की! इथेच फसगत होते. काचबिंदू बहुतेकांना दुखत नाही. नजर कडेकडेने जाते, समोरचं बराच काळ दिसत राहतं. आणि गेलेली नजर चष्म्याने किंवा ऑपरेशनने परत येत नाही. तेव्हा दिवस चुकवून पैसा वाचवू नका. तो दुसरीकडे वाचतो, ते सांगते.

पहिलं, थेंब किती घालता ते बघा. पुष्कळजणी दोन-तीन घालतात, जास्त घातले की जास्त गुण येईल म्हणून. आपल्या डोळ्यात एका थेंबापुरतीच जागा असते. दुसरा गालावर ओघळतो, म्हणजे पैसाच ओघळतो. हिशेब करून बघा. ५ मिलीच्या बाटलीत साधारण १०० थेंब धरा. दोन्ही डोळ्यांत सकाळ-संध्याकाळ एकेक म्हणजे दिवसाला ४, बाटली २५ दिवस जाते. दोन-दोन घातले तर तीच बाटली साडेबारा दिवसांत रिकामी.

घालायची रीतही नीट हवी. हात धुवा, आडवं पडा, खालची पापणी बोटाने ओढून छोटी पन्हाळ करा आणि त्यात एक थेंब सोडा. बाटलीचं टोक डोळ्याला किंवा पापणीला लावू नका. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटं बोटाने हलकेच दाबून धरा. त्यामुळे औषध नाकातून घशात न उतरता डोळ्यातच राहतं. दोन वेगळ्या बाटल्या असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन टाकतो. हात थरथरत असेल तर सुनेकडून, नातीकडून घालून घ्या. त्यात लाजायचं काही नाही.

दुसरं, औषधाचं नाव. बाटलीवर कंपनीचं नाव असतं आणि औषधाचं मूळ नावही असतं, टिमोलॉल, लॅटानोप्रोस्ट असं काहीतरी. औषध तेच असलं तरी कंपनीगणिक किंमत बदलते. डॉक्टरांनी मूळ नाव वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं, असा वैद्यकीय परिषदेचा २०१६ चा नियम आहे. म्हणून तपासणी संपून उठायच्या आधीच म्हणा, “डॉक्टरसाहेब, मूळ नाव लिहून द्या, आणि यातलं स्वस्त कोणतं चालेल तेही सांगा.” हे विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही. दुकानात जाऊन मनानेच बदल मात्र करू नका. औषध बदललं तर पुढच्या खेपेला डोळ्याचा दाब मोजून घ्या. आणि कुणाला दमा असेल, नाडी मंद चालत असेल, तर ते आधी सांगा, कारण टिमोलॉल अशा माणसाला त्रास देऊ शकतं.

मूळ नावाची चिठ्ठी हातात असली की जनऔषधी केंद्रात जाता येतं. तिथली किंमत बाजारातल्या आघाडीच्या तीन ब्रँडच्या सरासरीच्या निम्म्याहून जास्त ठेवायची नाही, असं सरकारचं धोरण आहे. प्रत्येक केंद्रात प्रत्येक थेंब असतोच असं नाही. मुलाच्या मोबाईलवर ‘जनऔषधी सुगम’ हे ॲप घेतलं तर जवळचं केंद्र आणि औषधाची किंमत दिसते. बसभाडं घालून जायच्या आधी तेवढं बघा.

सरकारी दवाखाना विसरू नका. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक केंद्रांत, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये डोळ्यांचा विभाग आहे. आपला थेंब तिथे मिळतो का, हे तिथल्या औषधाच्या खिडकीवर विचारा.

आता ज्या स्वस्ताईपासून लांब राहायचं, ती सांगते. डोळा लाल झाला, खाज आली, की दुकानातून चिठ्ठीशिवाय थेंब आणायचे, किंवा शेजारणीचे उरलेले घालायचे. अशा काही थेंबांत स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत डोळा पांढराशुभ्र होतो, म्हणून बाई खूश होते आणि महिनोन्‌महिने तेच घालत राहते. पण त्यानेच डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही. थोडक्या पैशांच्या बाटलीपायी मग जन्माची बाटली मागे लागते. मला याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते.

उन्हाळ्याचंही बोलू. आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो. पत्र्याखालच्या खिडकीत ठेवलेली बाटली तापून खराब होते. काही लॅटानोप्रोस्ट न उघडता फ्रिजमध्ये ठेवावे लागतात. फ्रिज नसेल तर तसं दुकानदाराला सांगा, फ्रिजशिवाय टिकणारा प्रकार डॉक्टरांना विचारा, आणि एका वेळी एकच बाटली घ्या. बाटली उघडली त्या दिवसाची तारीख पट्टी चिकटवून तिच्यावर लिहा. बहुतेक बाटल्या उघडल्यावर महिनाभरच चालतात, पण वेष्टनावर काय लिहिलंय ते वाचा किंवा मुलीकडून वाचून घ्या.

बचत गटाला यात करता येण्यासारखं काम आहे. गटात तीन-चार घरी काचबिंदू असेल, तर महिन्यातून एकीने सगळ्यांच्या चिठ्ठ्या घेऊन जावं आणि सगळ्यांचे थेंब आणावेत. बसभाडं वाटून जातं. बाटल्या मात्र ज्याच्या त्याच्या वेगळ्या, एकमेकींच्या वापरायच्या नाहीत. बैठकीत हप्ते गोळा करताना एवढं विचारून घ्या, कुणाची बाटली या आठवड्यात संपतेय? संपायच्या चार दिवस आधी कळलं की खंड पडत नाही. आणि एखादीकडे या महिन्याला पैसेच नसतील, तर गटातून उसने काढायचे का, तेही त्याच बैठकीत ठरवून टाका.