चेरी की निवडुंग? रोप घेण्याआधी त्याचं माहेर विचारा

(रोपवाटिका चालवणाऱ्या गटांच्या बैठकीत कृषी सखीने केलेले भाषण)



आज दोनच झाडांबद्दल बोलायचं आहे. एक गुलाबी फुलांची चेरी आणि दुसरा निवडुंग.

हल्ली रोपवाटिकेवर गिऱ्हाईक येतं आणि मोबाईल पुढे करतं, "ताई, हे झाड आहे का तुमच्याकडे?" फोटोत एक पान दिसत नाही, सगळं झाड गुलाबी. त्याच मोबाईलवर बियांचं पाकीटही विकायला असतं. मग गटात विषय निघतो, आपणही चेरी आणायची का? दुसरीकडे शहरातली गिऱ्हाइकं खिडकीत ठेवायला छोटे निवडुंग मागतात. तेव्हा आपल्यातल्याच काहीजणी म्हणतात, काटेरी झाड दारात नको गं बाई.

यात गटाचा पैसा आहे, म्हणून हा विषय घेतला. तो पैसा दर महिन्याच्या बचतीचा आणि बँकेच्या कर्जाचा आहे. रोप मेलं तरी हप्ता मरत नाही.

आधी चेरी बघू. फोटोतली चेरी बहुतेक वेळा जपानची असते. तिकडे तिला साकुरा म्हणतात. जपानने १९१२ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन शहराला अशी तीन हजारांवर झाडं भेट दिली, तीही फोटोत असतात. ही दोन्ही ठिकाणं कडक थंडीची. हे झाड हिवाळ्यात पानं गाळून झोपतं. झोप पुरी व्हायला सात अंशांच्या आसपास किंवा त्याखालची थंडी शेकडो तास मिळावी लागते. झोप अपुरी राहिली तर कळ्या नीट फुटत नाहीत. आपल्याकडे डिसेंबरात एखाद्या पहाटे पारा आठ-नऊवर येतो आणि दुपारी पुन्हा तीसला जातो. तेवढ्याने चेरीची झोप होत नाही. वर मे महिन्यात बेचाळीस अंश. रोप तगलंच तरी झुरत राहतं, फोटोतला बहर काही येत नाही.

आपल्या देशात चेरी नाहीच असं नाही. हिमालयात पद्म नावाची रानचेरी आहे. मेघालयात शिलाँगला ती नोव्हेंबरात फुलते. पण ते गार हवेचे डोंगर आहेत.

आता पाकिटाचं सांगते. साकुराच्या नावाजलेल्या जाती कलमानेच वाढवतात. सोमेई योशिनो नावाची जात सगळ्यात जास्त दिसते. तिची झाडं म्हणजे एकाच झाडाची पिढ्यान्‌पिढ्या केलेली कलमं. बी पेरून तसंच झाड येईल याची खात्री नाही. म्हणून बियांचं पाकीट घेऊच नका, कितीही स्वस्त असलं तरी.

चेरी या नावावरही जाऊ नका. आपल्याकडे सिंगापूर चेरी मिळते. पांढरं फूल, छोटं लाल गोड फळ, पाखरांची आवडती. ती आपल्या हवेत मजेत वाढते, पण साकुराशी तिचं काही नातं नाही. केकवरची लाल चेरी तर पुष्कळदा पाकात मुरवलेलं करवंद असतं! सिंगापूर चेरी जरूर विका, पण पाटीवर पूर्ण नाव लिहा. नाहीतर गिऱ्हाईक दोन वर्षांनी येऊन विचारेल, गुलाबी फुलं कुठंयत?

आता निवडुंग. खऱ्या कॅक्टसचं माहेर अमेरिका खंडातलं. तिकडे ॲरिझोनाच्या वाळवंटात सग्वारो नावाचा उंच निवडुंग आहे. पाऊस पडला की त्याच्या अंगावरच्या चुण्या फुगतात आणि पाणी आत साठतं. पानांचे काटे झालेत, म्हणून पाणी कमी उडतं. दिवसा तो श्वासाची छिद्रं मिटून घेतो आणि रात्री गारव्यात उघडतो. एवढी काटकसर करतो म्हणून वाढही हळू. पहिल्या आठ-दहा वर्षांत जेमतेम दीड-दोन इंच! पण दीडशे वर्षंही जगतो.

तुम्ही म्हणाल, मग दुष्काळी भागात निवडुंग डोळे मिटून लावावा. तसंही नाही. त्याला पाणी कमी चालतं, साचलेलं मुळीच चालत नाही. आपल्याकडे वर्षाचा पाऊस चार महिन्यांत येतो. काळ्या चिकट मातीत, भर पावसात ठेवलेला निवडुंग खालून सडतो. उन्हाने जातात त्याहून जास्त निवडुंग पाण्याने जातात.

कुंडीला खाली भोक हवंच. निम्मी जाड वाळू किंवा बारीक खडी, निम्म्यात माती आणि थोडं गांडूळखत. फांदी कापली की लगेच लावू नका, सावलीत आठवडाभर ठेवा. काप सुकला की लावा आणि पाणी आणखी चार-सहा दिवसांनी घाला. पुढे माती पूर्ण वाळल्याशिवाय पाणी नाही. पावसाळ्यात कुंड्या पडवीत घ्या, पण उजेड हवा. हाताळताना कागदाची जाड घडी किंवा चिमटा वापरा. फड्या निवडुंगाची बारीक कुसं कातडीत रुततात, लहान पोरांना लांब ठेवा.

तीन गोष्टी गिऱ्हाइकाला खरं सांगायच्या. पहिली, शेर आणि तीनधारी निवडुंग हे कॅक्टस नाहीत. त्यांचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. दुसरी, लाल-पिवळ्या टोपीचा निवडुंग हे दोन झाडांचं कलम असतं. टोपीत हिरवा रंग नसल्याने ती स्वतःचं अन्न करू शकत नाही आणि काही वर्षांतच जाते. तिसरी, काही ठिकाणी निवडुंगावर वाळकी फुलं डिंकाने चिकटवून विकतात. आपण तसं करायचं नाही. एकदा विश्वास गेला की गिऱ्हाईक परत येत नाही.

आणखी एक. छाटलेले तुकडे गायरानात किंवा ओढ्याकाठी टाकू नका. फड्या निवडुंग बाहेरून आला आणि एकेकाळी देशात इतका माजला की त्याला आवरायला त्याच्यावर जगणारा किडा सोडावा लागला.

मग दोघांत फरक काय? दोघांचंही माहेर लांबचं, दोघांच्याही अटी आहेत. निवडुंगाची अट आपण पाळू शकतो. पावसात कुंडी उचलून पडवीत ठेवता येते. जपानचा हिवाळा उचलून आणता येत नाही. शिवाय एका फांदीचं रोप आपल्या हाताने होतं, त्याला बाहेरून काही मागवावं लागत नाही.

पण ज्याला अंगणात फुलांचं झाड आणि सावली हवी, त्याला निवडुंग देऊन भागणार नाही. त्याला ताम्हण दाखवा. आपल्या राज्याचं फूल, उन्हाळ्यात जांभळट गुलाबी घोस येतात, फक्त सुरुवातीची काही वर्षं पाणी घालावं लागतं. कोरड्या रानात बहावा लावा, पिवळ्या झुंबरांनी लगडतो. त्याच्या बियांचं कवच टणक असतं. ते दगडावर घासून, रात्रभर भिजवून पेरा. छोट्या अंगणाला कांचन बरा. ही झाडं मोबाईलवर दाखवली जात नाहीत, म्हणून आपणच दाखवायची. बहराच्या दिवसांत फोटो काढून ठेवा. गिऱ्हाइकाने मोबाईल पुढे केला की आपणही आपला पुढे करायचा.

म्हणून नवं रोप आणण्याचा ठराव लिहिण्याआधी गटात चार प्रश्न विचारा. याचं माहेर कुठलं, तिथली हवा कशी? आपल्या मे महिन्यात आणि आपल्या पावसात हे तगेल का? रोप आपल्याला घरी तयार करता येईल का? आणि आपल्या तालुक्यात कुणाच्या अंगणात हे फुललेलं आपण डोळ्यांनी पाहिलंय का?

चारही उत्तरं मिळाली तरच पैसे घाला. तेव्हाही आधी दहाच रोपं आणा, एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्या, मग शंभराचा विचार करा. ज्या गटांनी चेरीचा विषय पुढच्या बैठकीला ठेवलाय, त्यांनी हे चार प्रश्न इतिवृत्ताच्या वहीत लिहून न्या.