स्पर्शाचे मोजमाप
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



आयुर्वेदाने रोगपरीक्षेची दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशी तीन साधने सांगितली आहेत. त्यांतील स्पर्शनाविषयी आज बोलावयाचे आहे. रोग्याला दीर्घ श्वास घ्यावयास लावायचा आणि बरगडीखाली उतरणारे यकृत बोटांना मऊ लागते की टणक, हे पाहावयाचे, असे आमच्या पिढीच्या डॉक्टरांचे शिक्षण. हिपोक्रेटीसच्या नावावरील सूत्रांतही काविळीत यकृत कठीण लागणे हे वाईट लक्षण मानले आहे. परंतु कठीण म्हणजे किती कठीण? दोन डॉक्टरांची बोटे सारखी नसतात. आणि यकृत बरगड्यांआड दडलेले असल्याने पुष्कळदा हाती लागतही नाही.

नेहमीची सोनोग्राफी अवयवाचे रूप दाखविते, काठिण्य मोजत नाही. १९९१ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे जोनाथन ओफिर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती प्रसिद्ध केली. अवयव किंचित दाबावयाचा आणि दाबण्यापूर्वीचे व नंतरचे प्रतिध्वनी ताडून पाहावयाचे. मऊ भाग अधिक दबतो, कठीण कमी. आंबा चाचपण्यासारखेच म्हणा ना! मात्र आत दाब किती पोहोचला हे ठाऊक नसल्याने शेजारच्या भागापेक्षा कठीण, एवढेच कळे.

आकडा मिळाला तो निराळ्या वाटेने. खरवसाच्या भांड्याला टिचकी मारली की वरून एक थरथर जाते. खरवस सैल असेल तर ती रेंगाळते, घट्ट असेल तर झरकन पलीकडे पोहोचते. हेच तत्त्व यकृताला लावणारी पद्धत लोराँ सांद्राँ आणि इतर फ्रेंच संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केली. यंत्राचा छोटा दट्ट्या दोन बरगड्यांमध्ये टिचकी देतो. थरथर यकृतातून सेकंदाला एक ते तीन-चार मीटर वेगाने जाते आणि १५४० मीटर वेगाचा श्राव्यातीत ध्वनी तिचा माग काढतो. तिच्या वेगाचा वर्ग करून तिनाने गुणले की काठिण्य किलोपास्कलमध्ये मिळते: एका मीटरला ३, दोन मीटरला १२. दहा वेळा मोजून मधला आकडा घेतात. निरोगी यकृताचा आकडा पाचाच्या आसपास असतो. बारा-तेराच्या पुढे सिरॉसिसची शंका येते. सुई खुपसून यकृताचा तुकडा काढणे कित्येकांचे टळले, हा उपकार थोडा नव्हे.

आता माझ्या हातून घडलेली चूक सांगतो. लग्न ठरलेला एक तरुण शिक्षक कावीळ ऐन भरात असताना आला. आकडा आला १४. मी सिरॉसिसचा उच्चार करून बसलो. वडील सरळ गृहस्थ. त्यांनी स्वतः जाऊन मुलीकडे कळविले आणि तिथी पुढे गेली. तीन महिन्यांनी कावीळ उतरल्यावर पुन्हा मोजले, तर आकडा ५! यकृत सुजले की त्यावरचे वेष्टन फारसे ताणत नाही, म्हणून आतला ताण वाढतो आणि थरथर वेगाने धावते. यंत्राने वेग अचूक मोजला होता. त्याचा अर्थ मी चुकीचा लावला. हृदय दुबळे होऊन यकृतात रक्त तुंबले, पित्ताची वाट अडली किंवा नुकते जेवण झाले असले तरीही आकडा चढतो. म्हणून तपासणीपूर्वी निदान तीन तास पोटात काही नसावे लागते. पोटात पाणी झाले असेल तर ही थरथर त्यातून पुढे जातच नाही.

लग्न पुढे त्याच मुलीशी झाले. आमंत्रण द्यायला वडील स्वतः आले होते. त्यांच्याकडे मान वर करून पाहणे मला जड गेले. तेव्हापासून यंत्राला हात लावण्याआधी मी रोग्याच्या डोळ्यांचा रंग पाहतो आणि शेवटचा घास केव्हा घेतला ते विचारतो.