आहारनियमन आणि स्नायूंचे रक्षण



पिष्टमय पदार्थ अत्यल्प आणि स्निग्ध पदार्थ विपुल असा ‘कीटो’ आहार व्यायाम करणाऱ्या तरुणांत लोकप्रिय झाला आहे. त्याचा उगम मात्र रुग्णालयातला. १९२१ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी तो अपस्माराच्या रुग्णांसाठी सुचविला.

पिष्ट मिळेनासे झाले की यकृत चरबीपासून कीटोन द्रव्ये निर्माण करते. तरीही मेंदूला आणि तांबड्या रक्तपेशींना काही शर्करा लागतेच. आहारात प्रथिने अपुरी असतील, तर तिच्यासाठी स्नायू झिजतात. वजन उतरते, पण त्याबरोबर बळही उतरते.

म्हणून व्यायाम करणाऱ्याने दर किलो वजनामागे रोज सुमारे दीड ग्रॅम प्रथिने घ्यावीत. साठ किलोच्या तरुणास ती नव्वद ग्रॅम होतात. जोर-बैठका, वजने उचलणे हेही चालू ठेवावे. डाळींत प्रथिनांबरोबर पिष्टही असल्याने शाकाहारी व्यक्तीस हा आहार अधिक कठीण जातो. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी, तसेच मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून तो मुळीच आरंभू नये.

वजनकाटा घट दाखवितो. चरबी गेली की स्नायू, हे सांगत नाही. गावच्या तालमीत हा विवेक पोहोचविणे हे शिक्षकांचे व पंचायत सदस्यांचे कर्तव्य होय.